गरोदर बायांचं ॲप: पहिला पडदाच बदलला

जुनं ॲप उघडलं की पहिलाच प्रश्न: प्रसूतीची तारीख? ती माहीत असती तर ॲप कशाला हवं! बहुतेक जणी तिथेच थांबायच्या. मी तो प्रश्न काढून शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारला. त्यात 280 दिवस मिळवले की अंदाजे तारीख निघते. तारीख आठवत नसेल तर कॅलेंडरवर संक्रांत, होळी, पाडवा दिसतात. 'होळीच्या दोन दिवस आधी' हे बायांना पक्कं आठवतं. सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी तारीख बदलली तर ती बदलायची सोयही ठेवली. आधी ती नव्हतीच, त्यामुळे पुढचे सगळे आठवडे चुकत जायचे.

खरं डोकं खाल्लं नोटिफिकेशननी. फोन घरात सगळ्यांच्या हातात. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, आणि लॉक स्क्रीनवर 'अभिनंदन, सातवा आठवडा!' आता तिथे नुसतं 'आजची आठवण' येतं. गर्भपात झाला तर एका बटणात सगळे संदेश बंद होतात, 'का' असं विचारलं जात नाही. हे बटण सेटिंग्जच्या तळाशी गाडायला मी ठाम नकार दिला.

रक्तस्राव, फिट, तीव्र डोकेदुखीसह अंधारी, बाळाची हालचाल कमी होणं ही धोक्याची लक्षणं आता पहिल्याच पडद्यावर आहेत. खाली थेट 108 ला फोन. नेट नसलं तरी चालतं.

'बाळ आता ब्लूबेरीएवढं' ही तुलनाही काढली. त्या जागी सेंटिमीटर आले.