क्रॅनबेरी सॉसमध्ये लिकर घालताय? आधी या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की इथे न्यू जर्सीत आमच्या मराठी ग्रुपवर तेच मेसेज सुरू होतात. थँक्सगिव्हिंगच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, लिकरवाला क्रॅनबेरी सॉस करतेय, पण कडू झाला, घट्टच होत नाहीये, रबर झालाय. दर वर्षी उत्तरं देऊन कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

प्रमाण पाकिटाच्या मागेच छापलेलं असतं. क्रॅनबेरीची १२ औंसाची म्हणजे ३४० ग्रॅमची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी, झालं. मी पाण्यातलं अर्धं काढून संत्र्याचा रस घालते. एवढ्याला ऑरेंज लिकर, म्हणजे संत्र्याच्या स्वादाची गोड दारू, दोन टेबलस्पून, ग्रँड मार्निए असो की क्वांत्रो.

आता सगळ्यात डोक्यात जाणारी चूक, लिकर सुरुवातीलाच ओतणं. आमच्या ओळखीतल्या एका भाऊसाहेबांनी बेरी, साखर, लिकर सगळं एकदमच पातेल्यात टाकलं आणि बसले उकळत. घरभर असा काही घमघमाट की येणारा प्रत्येकजण वा वा करतोय, आणि चाखून बघतात तर लिकरचा पत्ता नाही! मग आणखी ओतली, परत उकळली, परत चाखली, परत ओतली. त्यांच्या बायकोने दोनदा सांगितलं, अहो गॅस बंद करा आधी, पण ऐकतंय कोण. शेवटी चाळीस डॉलरची बाटली रिकामी आणि सॉस पातळ, वर घशात कडवट. अहो, वास घरभर पसरला म्हणजे तो पातेल्यातून गेला ना!

गंमत म्हणजे वास उडतो पण दारू सगळी उडत नाही. 'शिजवलं की काही राहत नाही हो' हे साफ चूक आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे १५ मिनिटं शिजवूनही साधारण ४० टक्के अल्कोहोल उरतं, आणि गरम पदार्थात घालून लगेच आचेवरून उतरवलं तर ८५ टक्के. त्यामुळे मी गॅस बंद करते, पातेलं खाली उतरवते, पाचेक मिनिटं थांबते आणि मग लिकर ढवळते. पोरांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी त्याआधीच वाटीभर बाजूला काढते आणि टेबलवर दोन्ही बोलवर चिठ्ठी लावते. आणि बाटली पेटत्या गॅसवर नेऊन थेट ओतू नका, ४० टक्के अल्कोहोलचा माल आहे, भडका उडतो. वाटीत मोजून घ्या.

दुसरी चूक खास आपली. पाकाची तार बघायची सवय, त्यामुळे पातेल्यातच घट्ट दिसेपर्यंत आटवत बसायचं. क्रॅनबेरीत पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक) आणि आंबटपणा दोन्ही भरपूर, सॉस गार झाल्यावर आपोआप धरतो. गरम असताना पातळच दिसायला हवा. बेरी फटाफट फुटायला लागल्या की मंद आचेवर दहा मिनिटं, बास. खात्री हवीच असेल तर मी स्टीलची ताटली आधी फ्रीजरमध्ये ठेवते, त्यावर थेंब टाकून बोट फिरवायचं, रेघ राहिली की उतरवा. आटवलाच असेल जास्त, तर दोन-तीन चमचे पाणी घालून हलका गरम करा, सुटतो.

'आम्ही गोड कमीच खातो' म्हणून साखर निम्मी करू नका, नीट धरत नाही आणि दात आंबतात. संत्र्याची साल किसताना पांढरा भाग आला की कडू झालंच. ॲल्युमिनियमचं पातेलं नको. फ्रोझन बेरी वितळवत बसू नका, तशाच टाका. आणि ऐन थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी सकाळी करायला घेणाऱ्यांना तर मी उत्तरच देत नाही! दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवा, लिकर मुरते आणि चव कितीतरी बरी लागते.

पुण्याहून नणंद विचारते, सुक्या क्रॅनबेरी चालतील का? नाही चालत. त्या आधीच साखरेत घोळलेल्या असतात, फुगतात पण फुटत नाहीत, सॉस धरत नाही. फ्रोझन मिळाल्या तर करा, नाहीतर नाताळला सरळ संत्र्याचा मार्मालेड आणा आणि त्यात चमचाभर लिकर ढवळा.