मिक्समधला बेस घरी गायब, गाडीत मात्र धो धो : माझा अनुभव

लक्षण असं: 10 बाय 10 फुटांच्या बेडरूममध्ये मिक्स करताना (गाण्यातले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवताना) बेस गिटारची ए तार ऐकूच येईना. म्हणून मी बेस (खर्जातला आवाज) वाढवायचो. मग तेच गाणं गाडीत लावलं की दारं थरथरायची.

आधी अंड्यांचे ट्रे, मग एक इंची फोम. दोन्हींनी फक्त टाळीचा झणझणाट कमी झाला. बेस तिथल्या तिथेच. सहा महिने आणि बरेच पैसे गेले, असो.

शेवटी टेप घेतली. भिंत ते भिंत 3.05 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, त्याला 6.1 ने (लांबीच्या दुपटीने) भागलं: 56 हर्ट्झ, म्हणजे या दोन भिंतींमध्ये जो स्वर घुमतो त्याची कंपनसंख्या. ए तार 55 हर्ट्झची! मग 56 हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावून चाललो. भिंतीपाशी घुमतोय, खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसा. आणि माझी खुर्ची बरोब्बर मध्यावर.

आधी टेबल सरकवलं: समोरच्या भिंतीपासून कान 3 फूट 10 इंचांवर, डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर. निम्मं काम इथेच झालं, फुकटात. मग 4 इंच जाड, 48 घनतेचं (घनमीटरला 48 किलो) रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेल्या तंतूंचे दाट थर, लाकडी चौकटीत, वर सुती कापड. चारही कोपऱ्यांत तिरपं, मागे पोकळी ठेवून, जमिनीपासून छतापर्यंत. (हातमोजे आणि मास्क घालाच, मी दोन दिवस खाजवत होतो.) शेवटी तोच टोन पुन्हा लावून चाललो. चढउतार अजून आहे, पण ए तार आता खुर्चीत ऐकू येते.