बापाचा पगार वाढला पण मुलाची पोटगी तेवढीच? वाढवून कशी घ्यायची

माझ्या मावसबहिणीला २०१७ मध्ये मुलासाठी महिना ५ हजार पोटगी लागली, तेव्हा पोरगं बालवाडीत होतं. पोरगं सातवीत गेलं, बापाची मधल्या काळात दोन प्रमोशनं झाली, आणि पैसे मात्र तेच पाच हजार, कारण ऑर्डर आपोआप वाढत नाही, आपण जाऊन मागावं लागतं. तिच्याबरोबर मी तारखांना जायचे, त्यातून जे कळलं ते लिहितेय.

आधी जुनी ऑर्डर कपाटातून काढा आणि ती कुठल्या कलमाखाली झालीय ते बघा, कारण पुढचा अर्ज त्यावरच ठरतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १२५ ची असेल तर रक्कम बदलायचं कलम १२७ होतं, पण १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात १२५ चं १४४ झालं आणि १२७ चं १४६ (वकील मंडळी तोंडाने अजून एकशेपंचवीसच म्हणतात, गोंधळू नका). घटस्फोटाच्या डिक्रीत (कोर्टाच्या हुकूमनाम्यात) मुलाची रक्कम असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २६, आणि डीव्हीची, म्हणजे घरगुती हिंसाचार कायद्याखालची ऑर्डर असेल तर त्या हिंसाचार कायद्याचं कलम २५. साधारणपणे ज्या कोर्टाने ऑर्डर दिली तिथेच अर्ज जातो. ऑर्डर सापडत नसेल तर कोर्टातून नक्कल मिळते, त्याला वेळ लागतो म्हणून हे काम सगळ्यात आधी करा.

म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट करताना "यापुढे काही मागणार नाही" असं लिहून दिलंय म्हणून बऱ्याच जणी गप्प बसतात. पण पोटगी मुलाच्या हक्काची आहे, आईने सही करून ती सोडता येत नाही, कोर्टांनी हे अनेकदा सांगितलंय.

आता खरी मेहनत. नुसतं "त्याचा पगार वाढला" म्हणून भागत नाही, परिस्थिती बदललीय हे दाखवावं लागतं, म्हणजे त्याची कमाई आणि मुलाचा खर्च दोन्ही. आम्ही वहीत दोन रकाने पाडले, तेव्हाचा खर्च आणि आताचा, त्यात शाळेची फी, व्हॅन, क्लास, वह्या-पुस्तकं, चष्मा, दवाखाना, घरभाड्यातला मुलाचा वाटा, सगळं. प्रत्येक ओळीला पावती. पावती नसेल तर जीपे-फोनपेचा रेकॉर्ड किंवा बँक स्टेटमेंट. फुगवून लिहू नका, उलटतपासणीत एक आकडा खोटा निघाला की बाकीच्या खऱ्यांवर पण शंका येते.

त्याच्या कमाईचा पुरावा तुमच्याकडे कुठून येणार, हा सगळ्यांचा प्रश्न. इथे सुप्रीम कोर्टाचा रजनेश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल कामाला येतो, त्यामुळे पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं अॅफिडेव्हिट द्यावं लागतं, शेतीवाल्यांसाठी वेगळा नमुना आहे. दोघांनाही, म्हणजे तुमची नोकरी पण त्यात लिहायची, लपवली तर आपणच अडकतो. तरी तो टाळाटाळ करत असेल तर कंपनीकडून सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा दाखला) मागवा असा वेगळा अर्ज कोर्टात देता येतो, नवीन कायद्यात त्याचं कलम ९४. आणि "हातात फक्त तीस हजार येतात" हे ऐकून हबकू नका, इन्कम टॅक्स आणि सक्तीचा पीएफ कापलेला चालतो, पण स्वतःच्या मर्जीने घेतलेल्या कारचा हप्ता दाखवून कोर्ट सहसा ऐकत नाही.

किती मागायचं? पगाराच्या २५ टक्के असं लोक सांगतात, पण ते बायकोच्या पोटगीच्या निकालातून आलंय, मुलासाठी असा ठरलेला टक्का नाही. खर्चाच्या वहीतून जो आकडा येतो तोच मागा, आणि दरवर्षी ठरावीक टक्के वाढ ऑर्डरमध्येच लिहून मिळावी अशी विनंती त्याच अर्जात टाका, आम्ही टाकली नव्हती, आता परत कधीतरी जावं लागणार.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला आणि मुलाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात पोटगीच्या केसला बायकांना कोर्ट फी पण माफ आहे.

उशीर करू नका, हे मात्र कळकळीने सांगते. वाढीव रक्कम मिळाली तर साधारण अर्ज केला त्या तारखेपासून मिळते, त्याआधीची नाही, म्हणजे "दिवाळीनंतर बघू" म्हणत दोन वर्षं घालवली तर त्या दोन वर्षांची वाढ गेलीच. नोटीस बजावायला पण वेळ जातो, त्याचा आत्ताचा पत्ता आणि ऑफिसचा पत्ता दोन्ही द्या.

फॅमिली कोर्टात आधी समुपदेशकाकडे बसवतात. तिथे तो थोडी वाढ द्यायला तयार झाला तर लगेच हो म्हणू नका, वही काढून हिशोब दाखवा, आणि जे ठरेल ते लेखी करून कोर्टाच्या रेकॉर्डवर घ्या. आमच्याकडे तोंडी आठ हजार ठरले होते, दोन महिने आले, तिसऱ्या महिन्यात परत पाच.

ऑर्डर झाल्यावर त्याने थकवलं तर १४४ खाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो, म्हणून कुठल्या महिन्यात किती आले ते त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा.