ओटीटीवरचा खर्च कमी कसा करावा?

फुकट काय मिळतं हे शोधण्याआधी पैसे कुठे जातायत ते बघा. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर टॅप करा आणि ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप केलं की ‘सबस्क्रिप्शन्स’ दिसतं. थेट कार्डावरून भरलेली वर्गणी मात्र तिथे सापडत नाही, त्यासाठी बँकेचं स्टेटमेंटच चाळावं लागतं. आणि ॲप डिलीट केलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं नाही. मी तसं समजून बसले आणि पुढचे चार महिने पैसे कटत राहिले.

आता नको ते बंद करून जे उरलं त्यातलं एका वेळी एकच ठेवा. पाहायच्या मालिका-सिनेमांची यादी करा. कुठली गोष्ट कुठे आहे ते ‘जस्टवॉच’ या संकेतस्थळावर कळतं. एका ठिकाणचं पुरेसं साठलं की एक महिन्याची वर्गणी भरा आणि त्याच दिवशी ऑटो-रिन्यूअल बंद करा. भरलेला महिना बहुतेक ठिकाणी पूर्ण पाहता येतो. फ्री ट्रायलचं तसं नाही. काही ठिकाणी ती रद्द करताच संपते, म्हणून अटी आधी वाचा.

मग ग्रंथालय. तुमचं ग्रंथालय किंवा विद्यापीठ ‘कॅनोपी’ या ऑनलाइन सिनेमा-सेवेशी जोडलेलं असेल, तर तिथल्या कार्डावर उत्तम सिनेमे आणि माहितीपट फुकट मिळतात.

खरा खजिना पुढे आहे, आणि त्याकडे फार कमी लोक वळतात याचं मला वाईट वाटतं. कोरियन फिल्म आर्काइव्हने आपले जुने सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससह यूट्यूबवर खुले केले आहेत. रशियातल्या मॉसफिल्म स्टुडिओचंही तिथे चॅनेल आहे. कॅनडाचं नॅशनल फिल्म बोर्ड आपल्या संकेतस्थळावर हजारो माहितीपट आणि ॲनिमेशनपट विनामूल्य दाखवतं. १९९६ साली सुरू झालेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर कॉपीराइटमुक्त सिनेमे आहेत. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा १९६८चा भयपट त्यातलाच. ऐन वेळी त्याचं नाव बदललं, नव्या नावासोबत कॉपीराइटची सूचना टाकायची राहून गेली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार तो सर्वांचा झाला. मात्र इंटरनेट आर्काइव्हवर कुणीही काहीही चढवू शकतं आणि कॉपीराइटची मुदत देशागणिक बदलते, तेव्हा अलीकडचा सिनेमा दिसला तर लांब राहा.

टेलिग्रामवरच्या लिंकांच्या वाटेला तर जाऊच नका. त्या फायलींबरोबर फोनमध्ये काय शिरेल सांगता येत नाही, आणि ज्यांनी सिनेमा केला त्यांच्या हाती काहीच पडत नाही.

जुना सिनेमा धूसर दिसला म्हणून लगेच बंद करू नका. एकाच सिनेमाच्या दोन-तीन प्रती चढवलेल्या असतात. प्रत्येकीची पाच मिनिटं पाहा, आवाज कुठे स्वच्छ आहे ते ऐका, आणि तो सिनेमा ज्या संस्थेचा आहे तिच्या अधिकृत चॅनेलवर दुरुस्त केलेली प्रत असेल तर तीच लावा.