लिनक्सवर प्रोग्राम पहिल्यांदा उघडायला जीव खातोय? हे करून बघा की

आमच्या काकांचं खानापुरात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका मराठीत पण कन्नडात पण. मशीन जुनं, 4 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, मी त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटातली सिस्टीम) टाकून दिलं. तर सकाळी लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखंच, फुकटातलं) पहिल्यांदा उघडायला एवढा वेळ की गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहा पिऊन येतंय, आणि बंद करून लगेच परत उघडलं तर पटकन. काका म्हणाले व्हायरस असणार ओ. व्हायरस बियरस काही नाही.

बेळगावच्या शहापुरातल्या साडीच्या दुकानात बघा, पहिल्या बाईला दाखवायला वरच्या फळीवरनं गठ्ठे काढावे लागतात, पण एकदा गादीवर पसरले की दुसरीला लगेच दाखवता येतं. लिनक्स तेच करतंय, डिस्कवरनं वाचलेली फाइल रॅममध्ये ठेवून देतंय, त्याला पेज कॅश म्हणतात. गादी भरली की बरेच दिवस कुणी न बघितलेला माल परत वर, आणि दुकान बंद झालं, म्हणजे शटडाऊन, की सगळंच वर. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट गेली की तर विचारूच नका.

आधी मोजा, अंदाजावर जाऊ नका. टर्मिनलमध्ये (कमांड द्यायची खिडकी, कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या) सिंक, मग सुडो सिससीटीएल व्हीएम.ड्रॉप_कॅशेस=3, यानं कॅश रिकामी होते, डेटाला काही होत नाही. आता प्रोग्राम उघडा, घड्याळ लावा, बंद करा, परत उघडा. दोन्हीत मोठा फरक असेल तरच पुढचं वाचा, दोन्ही वेळा सारखंच स्लो असेल तर दुखणं डिस्कचं नाही.

खरा इलाज एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, हे आधीच सांगतो. हार्ड डिस्कचं हेड प्रत्येक तुकड्यासाठी इकडं तिकडं फिरतंय आणि मोठा प्रोग्राम म्हणजे शेकडो छोट्या फाइली, तिथंच वेळ जातो. पण काका म्हणाले सीझन झाल्यावर बघू, मग फुकटातलं काय?

एक, रात्री शटडाऊन करू नका, सस्पेंड करा. रॅम चालू राहते, सकाळी कॅश तशीच. लॅपटॉपला बेस्ट, डेस्कटॉपला यूपीएस पाहिजे आणि रात्रभर लाईट गेली तर तोही झोपतो.

दोन, प्रीलोड. सुडो ॲप्ट इन्स्टॉल प्रीलोड, झालं. जुना प्रोग्राम आहे पण तुम्ही काय काय वापरताय ते बघून आधीच रॅममध्ये आणून ठेवतो. शिकायला काही दिवस लागतात, टाकल्या टाकल्या फरक दिसला नाही म्हणून काढून टाकू नका. रॅम अगदीच कमी असेल तर फायदा कमी, आणि एसएसडी असेल तर याची गरजच नाही.

तीन, मला सगळ्यात आवडलेलं, व्हीएमटच. हा पण ॲप्टनं मिळतो. व्हीएमटच -टी आणि पुढं लिब्रेऑफिसचं फोल्डर (मिंटमध्ये /यूएसआर/लिब/लिब्रेऑफिस) दिलं की ते अख्खं रॅममध्ये येतं, -व्ही दिलं की किती आलंय ते दाखवतो. ही कमांड स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये (लॉगिन झालं की आपोआप चालणाऱ्या गोष्टींची यादी) टाका आणि थोडा डिले द्या, नाहीतर लॉगिनच रडायला लागेल. काका दुकान झाडून अगरबत्ती लावेपर्यंत माल गादीवर तयार. फक्त रोज लागणारे एक दोन प्रोग्रामच टाका, सगळंच घातलं तर एक आत येताना दुसरं बाहेर जातंय.

डीटीपीवाल्यांनी फॉन्ट पण बघा, देवनागरी कन्नड मिळून ढीगभर कोंबलेले असतात, नवीन टाकले की एकदा एफसी-कॅश -एफ चालवा (फॉन्टची यादी नव्यानं बनते) आणि नको ते काढा. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डमधलं जावा बंद केलं तरी चालतं, बेस (त्यातला डेटाबेसचा प्रोग्राम) वापरत नसाल तर.

उबंटूवर फायरफॉक्स स्लो असेल तर ते वेगळं, 22.04 पासून उबंटू तो फक्त स्नॅप म्हणून देतंय, कॉम्प्रेस केलेल्या पॅकेजमधनं उघडतो म्हणून पहिल्या वेळी वेळ खातो, मोझिलाचं (फायरफॉक्स बनवणारे) साधं डेब पॅकेज टाकलं की सुटला विषय.

आणि स्वॅपीनेस (रॅममधला प्रोग्रामचा डेटा डिस्कवर किती ढकलायचा तो आकडा) 60 वरनं 10 करा असं जो तो सांगतोय, त्याचा इथं काही उपयोग नाही, उलट आकडा कमी केला की जागा लागल्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कॅशच आधी फेकतंय, म्हणजे गादीवरचा माल आपणच वर चढवल्यासारखं. फ्री -एच मध्ये (रॅम किती वापरात ते दाखवणारी कमांड) बफ/कॅश भरलेलं दिसलं म्हणून पण घाबरू नका, अव्हेलेबलचा आकडा बघा, आणि कॅश साफ करणारी स्क्रिप्ट कुणी दिली असेल तर आधी ती उडवा. काकांच्या मशीनवर ती होती, मीच टाकलेली.