जुन्या उपदेशकांच्या हस्तलिखित पत्राची हुबेहूब प्रत कशी करावी

मुंबईत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये आले, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये इथेच झाला. या नामवंतांच्या मागोमाग कितीतरी साधे ख्रिस्ती उपदेशक गावोगाव फिरले आणि घरी, चर्चच्या मंडळीला, मिशनला पत्रे लिहीत राहिले. त्यांतले एखादे पत्र आजही घरातल्या जुन्या बायबलच्या पानांत घडी होऊन पडलेले सापडते. मंडळीच्या वर्धापनदिनाला तेच पत्र फळ्यावर टाचणीने लावलेले पाहिले की जीव कळवळतो. फळ्यावर प्रत लावा, मूळ पत्र कपाटातच राहू द्या.

कामाला हात घालायचा तो पावसाळा सरल्यावर. मुंबईच्या दमट हवेत कागद सादळतो आणि घडीवर फाटतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, त्यांचे धागे जीर्ण कडेला अडकतात. घडी उलगडत नसेल तर जोर करू नका. जेवढी सहज उघडेल तेवढी उघडा, दोन टिपकागदांच्या मध्ये ठेवा आणि वर वजनदार पुस्तक ठेवून काही दिवस थांबा. पाण्याचा हात मुळीच लावू नका. त्या काळची शाई पुष्कळदा हिराकस आणि मायफळ यांची असे. ती मुळातच कागद खाते आणि ओल लागली की आणखी पसरते. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर कायमचे नुकसान करतात.

स्कॅनिंगसाठी काचेवर पान पालथे ठेवायचा सपाट स्कॅनर हवा. कागद आत ओढून घेणाऱ्या मशीनमध्ये असे पत्र कधीही घालू नका. रंगीत, 600 डीपीआय (म्हणजे इंचाला 600 ठिपके), टिफ फाइल (बारकावे न गमावता साठवणारी). व्हॉट्सॲपवर पाठवायला लहान फाइल वेगळी करा. कडेला मोजपट्टी ठेवली की छापताना आकार चुकत नाही. मागची अक्षरे पुढे उमटत असतील तर पानाच्या पाठीमागे काळा कागद ठेवा, बराच फरक पडतो. कोरी बाजूही स्कॅन करा. पाकिटे रूढ होण्याआधी पत्राचीच घडी घालून बाहेरच्या अंगावर पत्ता लिहीत आणि लाखेची मोहोर लावत. मोहोर फोडताना फाटलेला तुकडाही त्या पत्राचाच भाग आहे.

आता संगणकावरची साफसफाई. बहुतेक प्रती बिघडतात त्या इथेच. अक्षर ठळक दिसावे म्हणून आपण कॉन्ट्रास्ट वाढवत जातो आणि सगळे एकसारखे काळे होऊन बसते. मूळ पत्र भिंगाखाली नीट पाहा. टाक दौतीत बुडवल्यावर पहिला शब्द गडद, मग काही शब्दांत शाई फिकी होत जाते, आणि पुन्हा एकदम गडद. लिहिणारा कुठे थांबला, कुठे घाईत होता, हे त्या चढउतारात दिसते. खोडलेला शब्द, ओळीवर घुसवलेले अक्षर, शाईचा डाग, यांतले काहीही पुसू नका. पार्श्वभूमीचा पिवळेपणा तेवढा हलक्या हाताने काढा आणि सर्वांत फिकी रेघ शाबूत आहे ना, हे प्रत्येक टप्प्यावर तपासा.

पिवळेपणा काढायचा कारण मूळचा रंग पांढऱ्या कागदावर छापला की कडा आणि पाठ पांढरीच राहते. त्यापेक्षा फक्त शाई ठेवून ती सायीच्या रंगाच्या कागदावर छापली की प्रत खरी वाटते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागदाची दुकाने आहेत. मूळ कागदाइतकाच जाड कागद बोटांनी चाचपून निवडा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागदही चांगला, मात्र खरखरीत कागदावर बारीक अक्षर फुटते, म्हणून आधी एक तुकडा छापून पाहा. पिगमेंट शाईचा, म्हणजे रंगकणांच्या शाईचा प्रिंटर असेल तर रंग टिकतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, आकार शंभर टक्केच. दोन्ही बाजू जुळल्या का, हे खिडकीच्या उजेडात धरून बघा. कागद चहात बुडवून जुना करण्याचा उद्योग मला मुळीच पटत नाही. चहाचा रंग खोटा दिसतो आणि कागदही लवकर खराब होतो.

मूळ घड्या होत्या तिथेच घड्या घाला. पाठीवर खालच्या कोपऱ्यात ‘प्रतिकृती’ आणि साल छापाच. उद्या ही प्रत कुणी अस्सल म्हणून विकू नये, ही जबाबदारी करणाऱ्याची आहे.

पत्र मोडीत असेल तर सोबत बालबोध (देवनागरी) लिप्यंतर द्या. वाचता न आलेला शब्द अंदाजाने भरू नका, तिथे टिंबे द्या. आणि प्रदर्शनाआधी घरच्यांची परवानगी घ्या. या पत्रांत कुणाच्या धर्मांतरावरून झालेली भांडणे, कुणाची देणी, कुणाचे आजारपण असते, आणि त्यांची नातवंडे-पतवंडे कदाचित त्याच मंडळीत बसलेली असतात. कुटुंबाने एखादे पान झाकायला सांगितले तर ते झाका. स्कॅन मात्र संपूर्ण पत्राचा करून त्यांच्याकडे द्या.