घाबरट कुत्र्याला गाडीतून नेताना: आधी लीश, मग दार

शनिवारी निघायचंय आणि शुक्रवारी रात्री तयारी, हे घाबरट कुत्र्याच्या बाबतीत चालत नाही. काही आठवडे हाताशी ठेवा. सुरुवातीला गाडी जागची हलवायचीच नाही. दारं उघडी, इंजिन बंद, मागच्या सीटवर त्याचा आवडता खाऊ. आत यायचं की नाही ते त्यालाच ठरवू द्या. उचलून कोंबलंत, तर पुढच्या वेळी गाडी दिसताच पाय रोवून उभा राहील. आपणहून चढायला लागला की दार लावून बघा, मग इंजिन चालू करून, मग फाटकापर्यंत, मग गल्लीत एक चक्कर. एरवी ज्या खाऊवर झडप घालतो त्याकडे ढुंकून बघेनासा झाला, की घाई झाली असं समजा आणि एक पायरी मागे या. शिवाय गाडी फक्त डॉक्टरकडे जायलाच काढत असाल, तर तो घाबरणारच. मधूनमधून मोकळ्या मैदानावर न्या.

भीती म्हणजे रडणं-भुंकणं असं धरून बसू नका, ते फार उशिरा येतं. त्याआधी तो सारखे ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, गारव्यातही धापा टाकतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. लाळेच्या तारा लोंबत असतील तर गाडी लागत असण्याचीही शक्यता आहे. पिल्लांना ती जास्त लागते, कारण तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. पुढे पुष्कळांचं गाडी लागणं थांबतं, पण मळमळीची आठवण राहते आणि भीती तिथेच मुक्काम ठोकते. म्हणून डॉक्टरांना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगा. मारोपिटंट उलटी थांबवतं, भीती नाही. भीतीसाठी ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखं औषध देतात. कोणतं आणि किती, ते डॉक्टरच ठरवतील. पहिला डोस प्रवासाच्या दिवशी देऊ नका. आधी एकदा घरी देऊन बघा, कारण काही कुत्री उलट जास्तच अस्वस्थ होतात. आपल्या डब्यातली गोळी अर्धी करून अजिबात द्यायची नाही. पग, बुलडॉगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर गुंगीची औषधं जास्तच जपून.

आता लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून जरा वैतागूनच लिहिते आहे. लीश बॅगेत असून उपयोग नाही. सीटवर पडलेली असूनही नाही. दार उघडण्याआधी ती हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांना) अडकवलेली आणि तिचं दुसरं टोक माणसाच्या मनगटात हवं. थांबल्यावर क्रम असा: इंजिन बंद, काचा वर, लीश अडकवली, हातात धरली, मग त्याला सीटला बांधणारा सीटबेल्टचा पट्टा सोडला, आणि सगळ्यात शेवटी दार. घाबरलेल्या कुत्र्याला वीतभर फट पुरते. तासभर दबून बसलेला जीव दाराचा आवाज आला की तुमच्या पायांमधून निसटतो आणि समोर रस्ता असतो. ‘तो कुठे जात नाही हो’ हे घरातल्या अंगणापुरतं खरं आहे. सोबतच्या प्रत्येकाला निघण्याआधी बजावून सांगा, मुलांना दोनदा: मी हो म्हटल्याशिवाय कोणीही दार उघडायचं नाही. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावून टाका.

हार्नेसही तपासा. खाली दोन बोटं जातील इतकाच सैल हवा. भेदरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, मागे सरकतं आणि सैल हार्नेस डोक्यावरून काढून मोकळं होतं. म्हणून दुसरी लीश गळ्यातल्या पट्ट्याला लावा. हो, दोन लीश. गळ्यातल्या बिल्ल्यावर प्रवासात तुमच्याजवळ असणाऱ्या फोनचा नंबर हवा, घरच्या फोनचा नको. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप असली तरी बिल्ला लागतोच. चिप स्कॅनरशिवाय वाचता येत नाही आणि कुत्रं कुठे आहे ते ती सांगत नाही. इतकं करूनही सुटलाच तर मागे धावू नका. खाली बसा, अंग तिरकं वळवा, रोजच्या आवाजात हाक मारा.

गाडीत सीटबेल्टचा पट्टा छातीच्या हार्नेसलाच लावायचा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही. जोरात ब्रेक लागला तर सगळा हिसका मानेवर येतो. पुढची सीट नको, एअरबॅग त्याच्यासाठी घातक आहे. मांडी तर नकोच. क्रेटची (प्रवासाच्या पिंजऱ्याची) सवय असेल तर उत्तम: आत उभं राहता, वळता आणि आडवं होता यावं, आणि क्रेट पक्का बांधलेला असावा. खाली न घसरणारी चटई आणि वर त्याची रोजची, न धुतलेली चादर. काही कुत्र्यांची निम्मी भीती पाय घसरण्याची असते. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका, डोळ्यात खडा जातो.

पोटभर जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी. पाणी तोडू नका. निघण्यापूर्वी शांत फेरी मारून आणा.

गाडी हळू चालवा, वळणावर विशेष. दर दोन तासांनी थांबा (लीश!). गाडीत एकटं ठेवून पाच मिनिटांसाठीही जाऊ नका: बाहेर 24 अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात 40 च्या वर जातं आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

बाकी भांडं, टॉवेल, पिशव्या, लसीकरणाचं कार्ड, औषधं. पोचल्यावर आधी लीश, मग दार, मग शू, पाणी आणि एक शांत खोली. पाहुण्यांच्या ओळखी दुसऱ्या दिवशी. परतीच्या डोसची वेळ आणि त्याची जेवणाची वेळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.